वारा पडला की

देवगडच्या परिसरात, खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या आमच्या वाडीत, मे महिन्यात दिवसातून दोनदा वारा पडतो. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई सकाळी आठच्या सुमारास ओसरतो आणि समुद्रावरचा खारा वारा अजून उठायचा असतो. ती पहिली वेळ. दुसरी दिवेलागणीची, खारा वारा बसल्यानंतरची आणि मतलई सुटण्याच्या आधीची. त्या अर्ध्यापाऊण तासात माडाचे एकही पाते हलत नाही, घाम अंगावरच राहतो आणि घरातली माणसे हाताला येईल त्याने वारा घालत पडवीत येऊन बसतात. उकाड्यामुळे सगळे जण जिला नावे ठेवत, त्या वेळेची आम्ही मुले दिवसभर वाट पाहत असू, कारण आमच्या घरी तिला बॅडमिंटनची वेळ म्हणत.

आमचे खळे म्हणजे घरापुढचे शेणाने सारवलेले अंगण. तीन बाजूंना जांभ्या दगडाचा हातभर उंचीचा गडगा आणि चौथ्या बाजूला पडवीच्या पायऱ्या. पहिले नेट आम्ही शेजारच्या मच्छीमार काकांकडून आणलेल्या फाटक्या जाळ्याचे केले होते. त्याची आसे, म्हणजे भोके, इतकी मोठी होती, की फूल (शटलकॉक) आरपार तरी जाई किंवा अर्ध्यात अडकून बसे आणि ते सोडवण्यातच वेळ संपे. मग आतेने आपले एक जुने लुगडे दोरीवर वाळत घालावे तसे घातले आणि तेच पुढची कितीतरी वर्षे आमचे नेट झाले. दोरी एका बाजूला पोफळीला आणि दुसऱ्या बाजूला पडवीच्या खांबाला सुंभाने बांधलेली असे. तिची उंची ठरवण्याचे काम आतेचे होते. ती दोरीखाली ताठ उभी राही आणि दोरी तिच्या केसांना टेकली, की गाठ पक्की करायची. पुढे नियमांचे पुस्तक हाती आले, तेव्हा नेट खांबांपाशी १.५५ मीटर आणि मध्यभागी १.५२४ मीटर, म्हणजे बरोबर पाच फूट उंच असते हे वाचून मी घरी गेलो आणि आतेला भिंतीशी उभे करून मोजले. ती चार फूट अकरा इंच भरली. उरलेला एक इंच वयाने खाल्ला असणार, असे तिचे स्वतःचे म्हणणे आहे आणि ते मी मान्य केले आहे.

रॅकेटी मुंबईच्या काकाने आणल्या होत्या. लाकडी चौकट, लोखंडी दांडा आणि वर लाकडाची एक चौकोनी पकड, तिला चार कोपऱ्यांत चार स्क्रू. ही पकड कशासाठी असते ते आम्हांला पहिल्या पावसाळ्यात कळले. जूनमध्ये पकड न लावता खुंटीवर टांगून ठेवलेली एक रॅकेट गणपतीपर्यंत अळवाच्या पानासारखी वाकली. लाकूड आमच्या दमट हवेला शरण गेले आणि दांडा खाऱ्या हवेला. दर मे महिन्यात दांड्यावरचा गंज खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसून काढण्याचे काम माझ्याकडे असे. तारा तुटल्या तर गटिंग करून, म्हणजे नव्या तारा ओवून, देणारे दुकान कोल्हापूरच्या अलीकडे आम्हांला माहीत नव्हते. मच्छीमार काकांनी मासे पकडण्याचा तंगूस ओवून एक रॅकेट दुरुस्त करून दिली होती. तिच्यातून फूल धप्प असा आवाज करून निघे, पण निघे खरे.

खेळाचा नियम एकच होता: फूल खाली पडू द्यायचे नाही. दोन्ही बाजूंचे खेळाडू आणि पायऱ्यांवर बसलेले सगळे जण एका सुरात मोजत. सोळा, सतरा, अठरा. आकडा मोठा झाला, की स्वयंपाकघरातूनही कोणीतरी ‘किती झाले?’ म्हणून विचारी. फूल पडले की दोघेही बाद आणि पुढची जोडी खळ्यात. सर्वांत मोठा आकडा पडवीच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला असे. मी सहावीत असताना तो एकशे सदतीसवर गेला आणि त्यात एका बाजूला आते होती. ती पदर खोचून, जागेवरून फारशी न हलता खेळे आणि समोरच्याच्या हाताशी बरोबर उजव्या खांद्यावर फूल पोहोचवी, जणू ताटात वाढते आहे. कोणी उगाच जोर काढून फटका मारला, तर ती रॅकेट खाली टाकून म्हणे, “रे, तुका कोणाक हरवूचा नाय, फूल वर ठेवूचा आसा.” आणि नवख्याला ती पहिला धडा देई तो रॅकेट धरण्याचा नसे. “आधी वारो बघ,” म्हणे, “मगे फूल मार.”

बॅडमिंटन सुरू करू पाहणाऱ्या माणसाने कशापासून सुरुवात करावी, असे मला अलीकडे लोक विचारतात, कारण पन्नाशीला टेकलेला आंबा बागायतदार पावसाळ्यात रोज सकाळी सहाला हॉलवर जातो याचे त्यांना कुतूहल वाटते. मी त्यांना सांगतो, की फुलापासून सुरुवात करा. रॅकेटचा विचार मागाहून करता येतो. सोळा पिसे, खाली बुचाचा गोळा आणि सगळे मिळून वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम, अशी ही वस्तू आहे. पिसे हंसाची किंवा बदकाची आणि एका फुलातली सगळी एकाच बाजूच्या पंखाची असतात, म्हणून ती एकाच दिशेने कलतात आणि फूल उडताना स्वतःभोवती फिरते. कसेही मारले तरी बूच पुढे आणि पिसे मागे अशीच त्याची चाल, कारण जड भाग पुढे धावतो आणि हवा पिसांना मागे धरून ठेवते. या धरून ठेवण्यातच खेळाचे सारे मर्म आहे. आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डी या खेळाडूच्या स्मॅशचा, म्हणजे वरून खाली जोराने हाणलेल्या फटक्याचा, वेग २०२३ मध्ये जपानमध्ये ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला, पण तो रॅकेटपासून सुटतानाचा वेग. पलीकडे पोहोचेपर्यंत हवेने त्यातला बहुतेक काढून घेतलेला असतो. आणि उंच उडवलेले फूल सरळ खाली येताना सेकंदाला सुमारे पावणेसात मीटर, म्हणजे ताशी साधारण चोवीस किलोमीटर, याहून अधिक वेग घेऊच शकत नाही. एखादा माणूस सायकलवरून जरा घाईने जावा तितकाच. म्हणून बॅडमिंटनमध्ये अत्यंत वेगवान आणि अत्यंत संथ अशा दोन्ही गोष्टी एकाच रॅलीत, म्हणजे फूल पडेपर्यंतच्या देवाणघेवाणीत, घडतात आणि म्हणूनच पाच वर्षांच्या मुलाला ते पहिल्या दिवशी परत मारता येते.

पिसांची फुले महाग आहेत, गेल्या काही वर्षांत तर फारच. दोन-चार जोरदार गेममध्ये एखादे पीस तुटते आणि फूल लंगडू लागते. नवशिक्याने नायलॉनचे फूल घ्यावे, त्याची लाज बाळगू नये. त्याच्या बुचाभोवती हिरवी, निळी किंवा लाल पट्टी असते; हिरवी संथ, निळी मध्यम, लाल वेगवान. पिसांच्या फुलांच्या नळीवर रंगाऐवजी ७५, ७६, ७७, ७८ असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितके फूल वेगवान. हवा तापली की ती विरळ होते आणि फूल लांब जाते, म्हणून आमच्या हॉलमध्ये एप्रिल-मेमध्ये ७६ आणि पावसाळ्यात ७७ वापरतात. वेग बरोबर आहे का ते पाहण्याची रीतही नियमांतच दिलेली आहे: मागच्या रेषेवर उभे राहून खालून पूर्ण जोराने मारलेले फूल समोरच्या मागच्या रेषेच्या आत ५३० ते ९९० मिलिमीटरच्या पट्ट्यात पडले पाहिजे. कोरड्या गावचे लोक पिसे ठिसूळ होऊ नयेत म्हणून नळीला वाफ देतात असे ऐकले, तेव्हा आम्ही सगळे हसलो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ती सोय निसर्गच करतो, आणि इतकी करतो, की उघडी राहिलेली नळी आठवड्यात जड होते आणि रॅकेटच्या मुठीवरच्या टॉवेलच्या ग्रिपला बुरशी धरते.

हवेचा हा हिशोब मला सर्वांत आधी पुण्याने शिकवला. भाचीकडे गेलो असताना तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये खेळलो आणि माझे प्रत्येक क्लिअर, म्हणजे समोरच्याच्या मागच्या रेषेकडे उंच मारलेले फूल, रेषेबाहेर जाऊ लागले. मनगटात अचानक बळ आले असे वाटून मी दहा मिनिटे खूश होतो. मग भाचीने सांगितले, की पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, तिथली हवा आपल्याकडच्यापेक्षा पातळ आहे आणि माझ्या खिशातले ७७ नंबरचे फूल मीच देवगडहून नेले होते.

या खेळाचे पहिले पक्के नियम त्याच पुण्यात लिहिले गेले. १८७०च्या दशकात तिथल्या छावणीतील इंग्रज अधिकारी तो खेळत आणि काही काळ खेळाचे नावही ‘पूना’ असेच होते. पुढे ते अधिकारी रजेवर मायदेशी गेले, तेव्हा खेळ त्यांच्याबरोबर गेला आणि ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या ‘बॅडमिंटन हाउस’ या वाड्याचे नाव त्याला चिकटले. ते सगळे उघड्यावर खेळत. वारा असला किंवा पाऊस असला, की पिसांच्या फुलाऐवजी लोकरीचा चेंडू वापरत. दक्षिणेत तंजावरकडे चेंडूचा तसा खेळ आधीपासून होता. मला मात्र या इतिहासातली एक वेगळीच गोष्ट फार आवडते. बॅडमिंटन हाउसमधल्या मंडळींचा त्याआधीचा खेळ नेटशिवायचा होता. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे आणि फूल जमिनीवर पडू न देता जितके टिकवता येईल तितके टिकवायचे. त्या वाड्याच्या सॉमरसेट घराण्यातील मंडळींनी १८३० मध्ये असे २,११७ फटके मारल्याची नोंद आहे. म्हणजे फूल टिकवायचा खेळ आधीचा आणि फूल पाडायचा नंतरचा. हे मी आतेला सांगितले, तर तिला २,११७ या आकड्याचे काही वाटले नाही. “तेंच्याकडे मतलई नसतलो,” एवढेच ती म्हणाली.

फूल पाडायचा खेळ मी चाळिशी ओलांडल्यावर शिकलो. रक्तातली साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितले आणि चालण्याचा मला कंटाळा होता. तालुक्याच्या ठिकाणी दोन कोर्टांचा एक हॉल झाला होता. कलमांना खत घालून झाले, की पावसाळ्यात बागेत रोज जाण्यासारखे फारसे काही नसते, म्हणून नाव घातले. पहिल्या सकाळी नववीतली एक मुलगी माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने मला २१–४ असे हरवले. त्या चारांपैकी तीन गुण तिच्या सर्व्हिस नेटमध्ये गेल्यामुळे मिळाले होते. हॉलमध्ये वारा नव्हता, हीच माझी मोठी अडचण होती. तीस वर्षे खळ्यात, पुरत्या न बसलेल्या किंवा नुकत्याच उठलेल्या ज्या वाऱ्याच्या अंदाजाने हात चालत आला होता, तो नाहीसा झाल्यावर माझे फूल दर खेपेला हातभर डावीकडे पडू लागले, कारण हात अजून खाऱ्या वाऱ्याशीच खेळत होता.

दुसरी अडचण पायांची. खळ्यात आम्ही उभे राहून खेळत होतो आणि समोरचा आम्हांला फूल आणून देत होता. कोर्ट १३.४० मीटर लांब असते, एकेरीसाठी ५.१८ मीटर आणि दुहेरीसाठी ६.१० मीटर रुंद. आपल्या वाट्याला त्याची निम्मी लांबी येते, आणि ऐकताना ती लहान वाटते. परंतु समोरचा माणूस एक फूल मागच्या डाव्या कोपऱ्यात आणि दुसरे पुढच्या उजव्या कोपऱ्यात टाकू लागला, की ती जागा आपल्या बागेच्या खालच्या टप्प्यापेक्षा मोठी होते. आमच्या प्रशिक्षकांनी पहिले पंधरा दिवस मला रॅकेट हातात धरून पण फुलाशिवाय खेळायला लावले. मध्यावर उभे राहायचे, समोरच्याने फूल मारण्याच्या क्षणी दोन्ही पायांवर हलकी उडी घेऊन टाचा उचललेल्या ठेवायच्या, त्यांनी बोट दाखवले त्या कोपऱ्यात जायचे, शेवटचे पाऊल रॅकेटच्या हाताच्या बाजूचे टाकायचे आणि पुन्हा मध्यावर यायचे. पाहणाऱ्याला हा प्रकार वेड्यासारखा दिसतो. पण नवशिक्याच्या निम्म्या चुका हाताच्या नसून उशिरा पोहोचण्याच्या असतात, हे मला तिथे समजले आणि मी हे ज्याला ज्याला सांगतो तो प्रत्येक जण आधी रॅकेट बदलून पाहतो. रॅकेटविषयी म्हणाल, तर आता ग्राफाइटची पंचाऐंशी ग्रॅमची रॅकेट सहज मिळते, ती वाकत नाही आणि गंजत नाही. सुरुवातीला तारा वीस-बावीस पाउंडांवर ओढून घ्याव्यात, त्याहून घट्ट तारांतून जोर आपला आपल्याला काढावा लागतो. मूठ हस्तांदोलन करावे तशी, सैल धरावी आणि फटक्याच्या क्षणीच आवळावी. बाकी दुकानदार सांगेल ते ऐकून घ्यावे आणि घरी यावे.

गुणांची पद्धत आता सोपी आहे. २००६ पासून प्रत्येक रॅलीला गुण मिळतो. त्याआधी ज्याची सर्व्हिस असे त्यालाच गुण मिळे आणि महिलांच्या एकेरीचा गेम ११ गुणांचा, तर बाकीचे १५ गुणांचे असत. नव्या पद्धतीत २१ गुणांचा गेम, तीनपैकी दोन जिंकायचे, २० बरोबरी झाली तर दोन गुणांची आघाडी लागते आणि तरीही निकाल न लागल्यास तिसाव्या गुणाला संपते. सर्व्हिस करताना फूल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली मारावे लागते; पूर्वी कमरेखाली असा नियम होता आणि कोणाची कमर कुठे यावरून पंचांशी वाद होत. तिसऱ्या गेममध्ये ११ गुणांवर बाजू बदलतात. हा शेवटचा नियम मला फार प्रिय आहे. बंद हॉल झाले, दिवे झाले, पण एका बाजूला वारा किंवा उजेड अधिक असेल आणि तो दोघांच्या वाट्याला सारखा यावा, हे या खेळाला अजून आठवते आहे.

आमच्या हॉलच्या भिंतीवर खेळाडूंची छायाचित्रे आहेत. १९८० आणि २००१ मध्ये ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकणारे प्रकाश पदुकोण आणि पुल्लेला गोपीचंद, ऑलिंपिक पदकांसह साईना नेहवाल आणि सिंधू, २०२२ मध्ये पुरुषांच्या सांघिक स्पर्धेचा थॉमस चषक उंचावणारा भारतीय संघ. मुले त्यांच्यापाशी उभी राहून फोटो काढून घेतात. कोपऱ्यात एक कृष्णधवल छायाचित्र आहे, त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. ते नंदू नाटेकरांचे. १९३३ मध्ये सांगलीत जन्मलेला हा माणूस १९५६ मध्ये मलायात सेलंगोरची स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू ठरला आणि अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचे नाव होते. त्यांच्याही आधी, १९४०च्या दशकात, क्रिकेटमहर्षी दि. ब. देवधरांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन यांनी राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली होती. त्यांचे छायाचित्र आमच्या भिंतीवर नाही. असावे असे मी दोनदा सुचवले आहे.

प्रशिक्षकांनी मला जेव्हा पहिल्यांदा खरोखर फूल मारू दिले, तेव्हा जो सराव दिला त्याने मी चकित झालो. दोघांनी मागच्या रेषेपाशी उभे राहायचे आणि एकमेकांना उंच क्लिअर मारत राहायचे. पन्नास होईपर्यंत फूल पडता कामा नये, पडले तर पुन्हा एकपासून. मी मनातल्या मनात मोजू लागलो आणि समोरची ती नववीतली मुलगीही मोठ्याने मोजू लागली. सोळा, सतरा, अठरा. छपरावर पाऊस इतका वाजत होता, की मला तिचे आकडे ऐकू येत नव्हते, ओठ हललेले तेवढे दिसत होते. नेटजवळ फूल हलकेच पलीकडे टाकण्याचा, म्हणजे ड्रिबलचा, सराव तसाच, सपाट फटक्यांचा, म्हणजे ड्राइव्हचा, तसाच. मौजेचा खेळ वेगळा आणि स्पर्धेचा वेगळा असे मी ऐकत आलो होतो आणि तसे ते आहेतही; पण स्पर्धेचा खेळाडू आपला बहुतेक वेळ कोणालातरी नीट फूल देण्यात आणि कोणाकडून तरी नीट फूल घेण्यात घालवतो, हे मला बाहेरून कधी दिसले नसते.

दोन वर्षांपूर्वी मी एका स्पर्धेत उतरलो. ४५ वर्षांवरील पुरुष दुहेरी. माझा जोडीदार ट्रॉलरना बर्फ पुरवतो. जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते, त्यामुळे त्याचे आणि माझे रिकामे दिवस जुळतात. दुहेरीत आपण आक्रमण करत असू तर एकाने पुढे आणि एकाने मागे राहायचे आणि फूल वर द्यावे लागले, की दोघांनी शेजारी शेजारी यायचे. ही अदलाबदल न बोलता झाली पाहिजे. आमची ती बोलूनही होत नसे. ‘तुझे’ आणि ‘माझे’ हे दोन शब्द आम्ही दोघेही एकाच वेळी ओरडत असू आणि दोघांचाही अर्थ ‘तू घे’ असा असे.

सामन्याआधी दोन मिनिटे हात मोकळे करायला मिळतात. समोरची जोडी आमच्याहून चांगली आहे हे पहिल्या चार फटक्यांतच कळले, आणि तरीही मला अजून आठवतात ती ती दोन मिनिटे. ज्या माणसाला आता मला धावडवून, फसवून, चुकायला लावून हरवायचे होते, तो मला उंच, संथ, नेमके खांद्यावर फूल देत होता, मी क्लिअर मागितले की क्लिअर आणि नेटजवळ हळूच टाकायच्या ड्रॉपसाठी हात केला की तशी उंची. मग पंच म्हणाले, “लव्ह ऑल, प्ले,” आणि त्याच माणसाने पहिलेच फूल माझ्या आणि माझ्या जोडीदाराच्या बरोबर मधे मारले. आम्ही २१–९, २१–१३ असे हरलो. दुसऱ्या गेममध्ये माझी पोटरी धरली नसती तर दोन-तीन गुण वाढले असते, अधिक नाही. ११–८ असताना एक फूल माझ्या मागच्या रेषेवर पडले. रेषेचा पंच दुसरीकडे पाहत होता आणि मला ते रेषेला टेकलेले स्वच्छ दिसले होते. मी हात वर करून ‘आत’ म्हणालो. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. ‘बाहेर’ हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता आणि तो गिळायला मला खळ्यातल्या खेळात कधीच लागला नसता एवढा वेळ लागला. तिथे रेषाच नव्हत्या.

यंदा मे महिन्यात भाची आली होती. ती आता विद्यापीठाच्या संघातून खेळते. खळ्याला लाद्या बसल्या आहेत, पडवीची भिंत रंगवली आहे, कोळशाचे एकशे सदतीस तिच्याखाली कुठेतरी असेल. पोफळ अजून आहे आणि दोरीवर आता लुगड्याऐवजी आतेची एक फुलाफुलांची गोल साडी होती. खारा वारा बसला. आते शहात्तर वर्षांची आहे. तिला पायरीपासून दोन पावलांवर उभे केले आणि पंचाऐंशी ग्रॅमची रॅकेट तिच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि आत काहीच नाही काय, असे विचारले. भाचीने सवयीने दुसऱ्याच फुलाला स्मॅश मारला. तो आतेच्या पायांपाशी लादीवर आपटून गडग्यापर्यंत गेला.

“गो, असा मारलंस तर खेळ संपलो मां?” आते म्हणाली.

भाचीने ‘सॉरी आजी’ म्हणून फूल उचलून आणले आणि मग ज्या हातांना समोरच्याला चुकवण्याचे शिक्षण मिळाले आहे त्या हातांनी ती आतेच्या उजव्या खांद्याचा नेम धरू लागली. पहिल्या पाच-सहा खेपांना तिला ते जमले नाही. फूल जोरात जाई किंवा आखूड पडे. ती हसत होती, पण तिच्या कपाळाला आठी पडली होती. मी पायरीवर बसून पोटरी चोळत मोजत होतो. एकदा नऊ झाले, एकदा चौदा. मग तिचा हात बसला आणि पंचवीसच्या पुढे गेल्यावर स्वयंपाकघरातून माझ्या बायकोने विचारले, “किती झाले?” त्रेचाळीसला माडाचे टोकाचे एक पाते हलले. आतेने ते आमच्याआधी पाहिले असावे, कारण येणारे फूल तिने रॅकेटने न मारता डाव्या हातात झेलले.

“वारो इलो,” ती म्हणाली आणि साडीची गाठ सोडायला पोफळीकडे गेली.